ऊतींतल्या प्रकाशाचं सिम्युलेशन: या चुका टाळा

माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पाऊल रँडम नंबरने ठरवत, ऊतींतून फोटॉन (प्रकाशकण) सोडले की चित्र नेहमीच देखणं येतं. आकडे चुकलेले असले तरीही. म्हणून चित्रावर भरवसा ठेवण्याआधी इनपुट फाइल पुन्हा उघडा. माझ्या अनुभवात बहुतेक घोटाळे तिथेच सापडतात.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक विखुरण गुणांकाची, म्हणजे ठरावीक अंतरात प्रकाश सरासरी किती वेळा विखुरतो त्या आकड्याची. शोधनिबंधांत बरेचदा 'रिड्यूस्ड' विखुरण गुणांक छापलेला असतो, म्हणजे मूळ गुणांक गुणिले (1 − जी). जी म्हणजे विखुरल्यावरही प्रकाश सरासरी कितपत पुढेच जातो, त्याचं माप. समजा कोष्टकात 10 प्रति सेंटीमीटर आहे. तुम्ही तोच आकडा मूळ गुणांक म्हणून भरला आणि शिवाय जी 0.9 ठेवला. मग प्रोग्रॅमच्या दृष्टीने रिड्यूस्ड गुणांक उरला फक्त 1. प्रकाश खोलवर पोचतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय छान खोली मिळाली! खरं तर तिथे 100 हवे होते. मी यात दोन आठवडे घालवलेत, त्यामुळे आता कोष्टकाखालची बारीक अक्षरं आधी वाचते.

त्याच्याच जोडीला एककं. अशा सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमपैकी एमसीएमएल सेंटीमीटरमध्ये चालतं, एमसीएक्स मिलिमीटरमध्ये. एकातले 100 दुसऱ्यात 10 होतात. रक्ताचं शोषण काढताना आणखी एक खड्डा आहे: हिमोग्लोबिनची कोष्टकं बहुधा दहाच्या पायाच्या लॉगवर असतात. 2.303 ने गुणलं नाही, तर शोषण निम्म्याहूनही कमी भरतं.

सीमेवरचा अपवर्तनांक विसरू नका. ऊतीचा साधारण 1.4, हवेचा 1. सरळ आत शिरणाऱ्या प्रकाशातला सुमारे 2.8 टक्के पृष्ठभागावरूनच परत जातो. बाहेर येऊ पाहणारा फोटॉन लंबाशी साधारण 45.6 अंशांपेक्षा तिरका आला, तर पुन्हा आतच वळतो. दोन्हीकडे 1 टाकलात तर हे सगळं गायब होतं आणि पृष्ठभागालगतची प्रकाशमात्रा कमी दिसते. वक्र पृष्ठभाग व्हॉक्सेलच्या (छोट्या घनांच्या) पायऱ्यांनी बनवला असेल, तर परावर्तनाच्या दिशाही चुकतात. तिथे मेश, म्हणजे पृष्ठभागाला धरून बसणारी तिरक्या तुकड्यांची जाळी बरी.

खोल भागात ठिपके ठिपके दिसतात? तो गोंगाट आहे, रचना नव्हे. फोटॉन चौपट केले की तो निम्मा होतो. मात्र प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या प्रत्येक थ्रेडला रँडम नंबरचं वेगळं बीज (सुरुवातीचा आकडा) दिलंय ना, ते बघा. बीज एकच असेल तर तेच फोटॉन पुन्हा पुन्हा धावतात आणि फोटॉन वाढवूनही चित्र सुधारत नाही.

परावर्तित, शोषित आणि आरपार गेलेला प्रकाश यांची बेरीज 1 येत नसेल, तर रशियन रूलेटचा कोड तपासा. फोटॉनचं वजन, म्हणजे त्यात उरलेली ऊर्जा, फार कमी झाली की तो पुढे न्यायचा की संपवायचा हे त्यात नशिबावर ठरतं. दहात एक फोटॉन वाचवत असाल, तर वाचलेल्याचं वजन दसपट करावंच लागतं. ती ओळ राहिली की ऊर्जा गळत राहते.

आणि खऱ्या ऊतीकडे वळण्याआधी ही एक धाव घ्याच: 0.02 सेंटीमीटर जाडीचा थर, शोषण 10, विखुरण 90 प्रति सेंटीमीटर, जी 0.75, अपवर्तनांक सगळीकडे 1. एमसीएमएल बनवणारे लिहाँग वँग, स्टीव्हन जॅक्स आणि सहकारी यांनी 1995 च्या शोधनिबंधात ते याच थरावर तपासलं होतं. परावर्तन 0.0974 आणि आरपार 0.661 च्या आसपास आलं पाहिजे. नाही आलं, तर त्वचेचं मॉडेल बाजूला ठेवा आणि आधी हा थर दुरुस्त करा.