लेकराचा तात्पुरता आदेश हातात पडला की आधी तारीख बघा

नणंद वारली तेव्हा तिची लेक सात वर्षांची होती. बाप उचल घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेला, तो परत फिरकलाच नाही. लेकरू मी केजला आणलं. घरचंच लेकरू, त्याला कागद कशाला, असं मलाही वाटायचं. शाळेत नाव घालताना विचारलं, ‘तुम्ही हिच्या कोण?’ तेव्हा डोळे उघडले.

लेकराला घेऊन जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं जा; आधार नसलेल्या लेकरानं कुठं राहायचं ते हीच समिती ठरवते. वाट सापडत नसेल तर 1098 ला, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावा. आईचा मृत्यूचा दाखला, लेकराचा जन्मदाखला, आपलं आधार, रेशनकार्ड सोबत घ्या; एखादा कागद नाही म्हणून थांबू नका. बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढंही लेकरू हजर करता येतं. तिथं लेकराला बोलू द्या, आपण मधे पडू नका. आमच्या पोरीला मॅडमनी विचारलं, ‘रात्री कुणाजवळ झोपतीस?’ ती बोलली नाही, माझा पदर मुठीत घट्ट धरला.

चौकशी संपेपर्यंत लेकरू बालगृहात किंवा ‘योग्य व्यक्ती’कडं, म्हणजे लेकरू सांभाळायला समितीनं लायक ठरवलेल्या माणसाकडं, ठेवायचा आदेश समिती देते. तो तात्पुरता असतो. त्यानं दत्तक होत नाही, बापाचा हक्कही संपत नाही. बाकावर बसूनच वाचा: नाव, जन्मतारीख, मुदत, पुढची तारीख. मी कापूस वेचणीच्या गडबडीत एक तारीख चुकवली आणि बीडला तीन खेपा घातल्या. लेकराची शाळा बुडली, ते मला फार लागलं.

सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे लेकराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, 15 दिवसांत आणि चौकशी 4 महिन्यांत व्हावी, असं कायदा सांगतो. घरी बघायला येतील. सारवून ठेवा, पण खोटं काही मांडू नका. लेकरू झोपतं ती जागा, दप्तर, ताट दाखवा.

अशी लेकरं घरात सांभाळायला सरकारची बालसंगोपन योजना आहे, तिचे महिन्याला 2250 रुपये मिळतात, पण तो आदेश वेगळा. पैसे सुरू झाले म्हणजे ताबा मिळाला, असं समजू नका.

कुणी लेकरू ओढून न्यायला लागलं तर जिल्हा न्यायालयात 1890 च्या पालक कायद्याखाली तात्पुरत्या ताब्याचा अर्ज करता येतो. वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला आणि लेकराला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मूळ आदेश माझ्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली आहे. एक झेरॉक्स शाळेत, एक दवाखान्याच्या फाईलीत. पुढची तारीख कॅलेंडरवर पोरीनंच लाल पेननं गोल केलीय.