नस दबलीय? आधी उशी बघा

मानेतून निघालेला ठणका डोक्याच्या मागून कपाळापर्यंत चढत असेल, तर गोळीसोबत उशीकडेही बघा. दोन उशा एकावर एक ठेवल्या की मान रात्रभर पुढे वाकलेली राहते. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल एवढीच जाडी पुरे. उताणं झोपणाऱ्यांनी सुती टॉवेलची गुंडाळी अभ्र्यात घालून मानेखाली घ्यावी. पालथं झोपणं सोडाच.

नागपूरच्या मे महिन्यात कूलर थेट मानेवर सोडून झोपायची आपली सवय! माझी तरी मान सकाळी लाकूड झालेली असायची. आता झोत पायांकडे असतो.

डोक्याचं वजन साधारण 5 किलो. मान झुकली की भार वाढतो, म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर धरा. मान दहा मिनिटं शेकून मग हनुवटी हळूच आत ओढा, 5 सेकंद थांबा. आठ-दहा वेळा पुरे. कळ हातात उतरली की थांबायचं.

दाढीनंतर मान कडकन मोडून घेणं मात्र नको म्हणजे नको.

शर्टाची बटणं लागेनात, हातातून कप सुटतोय, चालताना तोल जातोय किंवा लघवीवर ताबा राहत नाही, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.