माका पावडर घेण्यापूर्वी

इंदूरमध्ये सियागंजात किंवा ऑनलाइन ‘माका’ मागताना पहिली काळजी नावाची घ्यावी, कारण केसांच्या तेलात आजी घालत असे तो माका म्हणजे भृंगराज, आणि शक्तिवर्धक म्हणून विकली जाते ती माका पावडर पेरू देशात अँडीज पर्वतावर सुमारे ४,००० मीटर उंचीवर पिकणाऱ्या, सलगमासारख्या दिसणाऱ्या कंदाची असते. हा कंद आपल्या अळिवाच्याच प्रजातीतला आहे, हे मला फार लोभस वाटते. तिकडे तो वाळवून, शिजवून खातात. म्हणून आपणही शिजवून वाळवलेली पूड निवडावी, ती पचायला हलकी जाते. कामेच्छा वाढण्याबाबत छोट्या अभ्यासांत अनुकूल निष्कर्ष मिळाले आहेत, मात्र त्याने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे दिसलेले नाही. अभ्यासांत बहुधा रोज १.५ ते ३ ग्रॅम मात्रा वापरली गेली. आपण सकाळच्या कोमट दुधात सपाट अर्ध्या चमच्याने सुरुवात करावी. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी तर कृपया टाळावीच.