चार किलोच्या रासायनिक अग्निशामकाची आखणी: हातापासून नळकांड्यापर्यंत

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा ओढणारे, वेल्डिंग करणारे आणि पितळी भाग कातून देणारे कारागीर सहज मिळत असल्यामुळे नाशिकमधील पदविका आणि पदवी अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी प्रकल्पासाठी हाताने चालवायचा अग्निशामक निवडतात. त्यांचे आराखडे पाहताना एक गोष्ट मला वारंवार खटकते. आराखडा नळकांड्याच्या व्यासापासून सुरू होतो आणि ते नळकांडे उचलणारी व्यक्ती शेवटच्या पानावर येते. हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठीच हे मार्गदर्शन लिहीत आहे. एक सूचना आधीच देणे आवश्यक आहे. येथील आकडेमोड कोणीही कागदावर करावी. परंतु दाब भरलेले नळकांडे प्रत्यक्ष बनवण्याचे काम पाण्याच्या दाबाने चाचणी घेण्याची सोय आणि अनुभवी माणसे असलेल्या कारखान्यातच व्हावे, घरी किंवा महाविद्यालयाच्या साध्या कर्मशाळेत होऊ नये.

वापरणारी व्यक्ती ठरवताना पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्षांचे एखादे पॅकहाउस डोळ्यांसमोर ठेवू. हंगामात तेथे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्प्या, प्लास्टिकचे क्रेट, कोपऱ्यात जनरेटर आणि त्याच्या शेजारी डिझेलचा कॅन असतो. आग सर्वप्रथम दिसते ती टेबलाशी उभ्या असलेल्या कामगार महिलेला. सहा किलो पावडरचा अग्निशामक जाड पत्र्यात बनवला तर त्याचे भरलेले वजन दहा किलोंच्या पुढे जाते. ते खुंटीवरून काढून पंधरा मीटर धावत नेणे आणि एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने नळी रोखणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. म्हणून आपण चार किलो पावडरची आखणी करू आणि एकूण वजन आठ किलोंच्या आसपास ठेवू. पावडर कमी असली तरी वेळेवर पोहोचलेला लहान अग्निशामक खुंटीवरच राहिलेल्या मोठ्यापेक्षा अधिक काम करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रसायनाची निवड करण्याआधी जुन्या सोडा-आम्ल प्रकाराकडे थोडे पाहावे, कारण आजच्या रचनेतील कित्येक निर्णय त्याच्या दोषांतून आले आहेत. त्या नळकांड्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी असे आणि वर काचेच्या कुपीत गंधकाम्ल असे. कुपी फोडली किंवा नळकांडे उलटे केले की दोन्ही मिसळून कार्बन डायऑक्साइड तयार होई आणि त्याच्या दाबाने पाणी बाहेर फेकले जाई. १६८ ग्रॅम सोडा आणि ९८ ग्रॅम आम्ल यांपासून ८८ ग्रॅम वायू, म्हणजे सामान्य तापमानाला सुमारे ४९ लिटर वायू मिळतो, हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. दोष मात्र गंभीर होते. एकदा सुरू झालेली क्रिया थांबवता येत नसे, आम्लाने पत्रा आतून खाल्ला जाई, आणि तोटी तुंबली असेल तर ऐन आगीच्या वेळी वाढलेला दाब त्या कमकुवत पत्र्यावरच येई. अमेरिकेत अशा उलटवून चालवायच्या अग्निशामकांचे उत्पादन १९६९ साली थांबले. यावरून आपल्या आराखड्यासाठी तीन अटी निघतात: दाब आधीपासून भरलेला आणि बाहेरून दिसणारा असावा, फवारा मध्येच थांबवता यावा, आणि रसायनाने पत्र्याला इजा करू नये.

पॅकहाउसमध्ये पुठ्ठा हे घन इंधन, डिझेल हे द्रव इंधन आणि चहाच्या शेगडीचा वायू ही तिन्ही एकत्र असल्यामुळे मोनो-अमोनियम फॉस्फेटवर आधारित एबीसी पावडर, म्हणजे घन, द्रव आणि वायू या तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारी पावडर, घ्यावी. तिचे अतिसूक्ष्म कण ज्वाळेतील साखळी अभिक्रिया तोडतात, आणि तापलेल्या पुठ्ठ्यावर किंवा लाकडावर पडल्यावर ही पावडर वितळून काचेसारखा थर धरते, त्यामुळे निखाऱ्याला हवा मिळत नाही. सोडियम बायकार्बोनेटची पावडर डिझेलवर उत्तम चालते, परंतु निखाऱ्यावर असा थर धरत नाही. या दोन पावडरी एकमेकींत कधीही मिसळू नयेत. फॉस्फेट आम्लधर्मी असल्याने थोडा ओलावा मिळताच बायकार्बोनेटमधून वायू सुटू लागतो, पावडरीचे गठ्ठे होतात आणि बंद नळकांड्यात अनपेक्षित दाब वाढू शकतो. म्हणून पुनर्भरण करणाऱ्यासाठी पावडरीचे नाव नळकांड्यावर ठळक छापण्याची जागा आराखड्यातच राखून ठेवावी. या निवडीची एक मर्यादाही लिहून ठेवावी. सिंहस्थात तपोवनातील साधुग्रामात जेथे भंडाऱ्याच्या मोठ्या कढया चढतात, तेथे पेटलेल्या तेलाची ज्वाळा पावडरीने क्षणभर बसते, पण तेल इतके तापलेले असते की ते पुन्हा पेट घेते. अशा ठिकाणी पोटॅशियम क्षारांचे द्रावण असलेला, तेलावर साबणासारखा थर धरणारा वेगळा अग्निशामक हवा.

आता आकारमान ठरवू. भरताना पावडरीची घनता लिटरला सुमारे ०.८५ किलो धरली तर ४ किलोला ४.७ लिटर जागा लागते. वरची मोकळी जागा धरून नळकांडे ६ लिटरचे घ्यावे. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात, ती म्हणजे वायूसाठी उरलेले १.३ लिटरच मोजणे. पावडरीच्या कणांची स्वतःची घनता सुमारे १.८ असल्यामुळे कणांनी व्यापलेली खरी जागा जेमतेम २.२ लिटर असते आणि वायू कणांच्या फटींतही भरलेला असतो. म्हणजे वायूला ३.८ लिटर मिळतात. गेजवर, म्हणजे दाबमापकावर, १५ बार दाब म्हणजे बाहेरच्या हवेचा १ बार मिळवून निरपेक्ष १६ बार, त्यामुळे आत वातावरणाच्या दाबाचा सुमारे ६१ लिटर नायट्रोजन बसतो. सगळी पावडर बाहेर गेली आणि वायू मात्र आतच राहिला असे मानले, तरी ६ लिटरमध्ये तो पसरून गेजवर ९ बार उरेल. प्रत्यक्षात बराच वायू पावडरीबरोबर जातो, म्हणून शेवटचा दाब याहून कमी असतो. फवाऱ्याचा जोर अखेरपर्यंत टिकेल की नाही, हे या हिशेबावरून कळते. या ६१ लिटर नायट्रोजनचे वजन सुमारे ७० ग्रॅमच भरते. दहावा भाग गळाला तर फरक ७ ग्रॅमचा, आणि तो आठ किलोंच्या नळकांड्यात साध्या तराजूवर कळणार नाही. म्हणून या प्रकारात दाबमापक ही चैनीची वस्तू नसून एकमेव साक्षीदार आहे.

नळकांड्याचा बाहेरील व्यास १४० मिमी घेतला तर ६ लिटरसाठी उंची साधारण ४१ सेंमी येते, आणि एवढे नळकांडे काखेत धरता येते. पत्र्याची जाडी काढताना रोजचा १५ बारचा दाब आधाराला धरू नये, चाचणीचा ३५ बार, म्हणजे ३.५ मेगापास्कल धरावा. परिघाच्या दिशेचा ताण दाब गुणिले व्यास भागिले जाडीची दुप्पट एवढा असतो. १.६ मिमी पत्र्यात तो १५३ मेगापास्कल येतो, आणि वेल्डच्या सांध्याची कार्यक्षमता ०.८ धरली तर १९१. साच्यात खोल ओढता येणाऱ्या मऊ पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणाला पत्रा कायमचा ताणला जाऊ लागतो ती मर्यादा, याच्या फार वर नसते. २ मिमी पत्र्यात हाच आकडा १५३ वर उतरतो, आणि पोलादाची तुटण्याची मर्यादा ३०० धरल्यास नळकांडे फुटण्याचा अंदाजे दाब ६८ बारपर्यंत जातो. कागदावर १.६ मिमी चालेल असे कोणी म्हणेल. मी २ मिमीच घेईन, कारण ओढताना कोपऱ्यांवर पत्रा पातळ होतो आणि पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या नळकांड्याचा तळ पहिल्यांदा गंजतो. या निर्णयाची किंमत सुमारे साडेसहाशे ग्रॅम जास्त वजन आहे, आणि ती देण्यासारखी आहे. तळ आणि माथा कधीही सपाट ठेवू नयेत. सपाट चकती दाबाखाली वाकते आणि सगळा ताण कडेच्या वेल्डवर येतो, म्हणून दोन्ही टोके बशीसारखी फुगीर ओढावीत आणि तळाला उभे राहण्यासाठी वेगळी कडी जोडावी.

मानेला व्हॉल्व्ह बसवण्यासाठी एम३० × १.५, म्हणजे ३० मिमी व्यासाचा आणि दीड मिमी अंतराचा आटा आपल्याकडे सर्रास वापरला जातो. आट्यांच्या बाजूला एक बारीक खाच अवश्य ठेवावी. कोणी दाब असतानाच व्हॉल्व्ह उघडू लागला, तर शेवटचे आटे सुटण्याआधीच त्या खाचेतून वायू सुसाट आवाज करत निसटतो आणि माणूस हात आखडता घेतो. ही खाच करायला कारागिराला दोन मिनिटे लागतात. ती नसेल तर पितळी व्हॉल्व्ह गोळीसारखा उडू शकतो.

पकड-दांड्याची आखणी मनगटाच्या ताकदीवरून करावी. आतल्या दाबानेच व्हॉल्व्हचे झाकण बंद राहील अशी रचना असल्यास ते जेथे टेकते त्या १२ मिमी व्यासाच्या बैठकीचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी होते, आणि उन्हात तापलेल्या नळकांड्यात १६.७ बार दाब धरला तर झाकणावर १८९ न्यूटन बल येते. स्प्रिंगचे ४० मिळवून २३० न्यूटनच्या आसपास. दांड्याचे प्रमाण पाचास एक ठेवले तर हाताला ४६ न्यूटन, म्हणजे पाच किलोंहून कमी जोर लावावा लागतो. जागा वाचवण्यासाठी हेच प्रमाण दोनास एक केले की जोर ११५ न्यूटनवर जातो आणि तो दहा-बारा सेकंद टिकवून धरणे अनेकांना अशक्य होते. सुरक्षा-पिन ओढण्यासाठी मी २० ते १०० न्यूटनचा पट्टा पाळतो. त्याहून सैल पिन धक्क्याने निघते, तर घट्ट पिन घाबरलेल्या माणसाच्या हातात अडकते. पिनेची कडी ओल्या हाताचे एक बोट सहज जाईल एवढी मोठी असावी.

आतील नळीचे खालचे टोक तिरके कापून तळापासून साधारण १० मिमीवर ठेवावे, म्हणजे तळची पावडरही ओढली जाते आणि टोक बुजतही नाही. आतील नळीपासून होजपर्यंत (बाहेरच्या लवचीक नळीपर्यंत) आणि होजपासून तोटीपर्यंत वाट क्रमाने अरुंद होत जावी. मध्येच रुंद पोकळी आली की वायू पुढे निघून जातो, पावडर मागे बसते आणि तेथेच गच्च होते. सेकंदाला सुमारे ४०० ग्रॅम या गतीने चार किलो पावडर दहा सेकंद पुरते. तोटीचे नेमके छिद्र गणितापेक्षा प्रत्यक्ष फवारून, थोडे थोडे मोठे करत ठरवावे. एका कारखान्यात सरावासाठी खुंटीवरून काढलेल्या अग्निशामकाच्या तोटीत मला कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर सापडले होते. गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, पिन आणि सीलही शाबूत होते, आणि तरीही आगीवर पावडरीचा एक कण पडला नसता. तेव्हापासून मी प्रत्येक आराखड्यात तोटीवर पातळ रबरी टोपी दाखवतो, जी फवाऱ्याच्या पहिल्या झोताने उडून जाते.

दाबमापकाचा हिरवा पट्टा ठरवताना नाशिक जिल्ह्याचे हवामान ध्यानात घ्यावे लागते. २७ अंशांना १५ बार भरलेले नळकांडे, निफाडला थंडीत पारा ५ अंशांवर उतरतो तेव्हा १३.८ बार दाखवते, आणि मे महिन्यात बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापले तर १६.७ बार. हा फरक गळतीचा नाही, हे तपासणाऱ्याला कळावे म्हणून पट्टा या दोन टोकांना सामावून घेणारा असावा.

भरण्याचे काम कोरड्या खोलीत करावे, आणि आषाढ-श्रावणात तर विशेष दक्षता घ्यावी. पावडरीच्या कणांवर पाणी न धरणारा सिलिकोनचा लेप असतो, तरीही उघड्या पिशवीत राहिलेली पावडर ओलावा घेते. कॉम्प्रेसरची हवा भरण्याचा मोह टाळून कोरडा नायट्रोजनच वापरावा, कारण दाबलेल्या हवेतील वाफेचे नळकांड्यात पाणी होते. भरल्यावर झाकणाच्या आणि मानेच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

चाचण्यांपैकी पहिली पाण्याच्या दाबाची. रिकाम्या नळकांड्यात पाणी भरून ३५ बारपर्यंत दाब हळूहळू चढवावा आणि काही मिनिटे थांबून गळती किंवा फुगवटा आहे का ते पाहावे. हवेने ही चाचणी कधीच घेऊ नये. पाणी दाबले जात नसल्याने फुटलेले नळकांडे फक्त गळते, हवेने भरलेले मात्र स्फोट होऊन चिंधड्या उडवते. विक्रीसाठीचे उत्पादन असेल तर आयएस १५६८३ या मानकाच्या सर्व चाचण्या आणि भारतीय मानक ब्युरोचा परवाना आवश्यक असतो.

दुसरी चाचणी फवाऱ्याची, आणि ती आपल्या मूळ विचाराची परीक्षा आहे. नळकांडे आधी वजन करून ठेवावे, मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून पूर्ण रिकामे करावे आणि पुन्हा वजन करावे. चारशे ग्रॅमहून जास्त पावडर आत राहिली तर आतील नळीची उंची किंवा तोटीचे छिद्र पुन्हा तपासावे. हे फवारणे आराखडा काढणाऱ्याने स्वतः करू नये. ज्यांनी हे यंत्र कधी हाताळलेले नाही अशा पाच-सहा पॅकहाउस कामगार महिलांना ते एकेक करून द्यावे, केवळ नळकांड्यावरील चित्रे पाहून चालवायला सांगावे, आणि खुंटीवरून काढल्यापासून पहिली पावडर उडेपर्यंत लागलेले सेकंद घड्याळावर मोजावेत. कोणाचा हात कोठे अडखळला, पिन ओढण्याआधीच दांडा दाबला गेला का, होज सापडायला किती वेळ लागला, हे त्या-त्या भागाच्या चित्रावरच लिहून ठेवावे आणि पुढचा नमुना काढताना त्या खुणांपासून सुरुवात करावी.