लोणारच्या विवरात उतरण्याआधी

लोणार म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, उल्का आदळून झालेलं विवर, तळाशी तळं असलेलं. इथे डोंगराचा नेहमीचा हिशेब उलटा होतो. इतर ठिकाणी आधी चढ असतो आणि थकलेल्या पायांना नंतर उतार मिळतो. इथे सकाळी ताज्या पायांनी सुमारे 137 मीटर खाली जायचं आणि ऊन डोक्यावर आलं की तेवढंच चढून वर यायचं. उतरताना कुणालाच काही जड वाटत नाही, म्हणूनच लोक तयारीत कमी पडतात. पिशवीत काय घ्यायचं, किती वाजता निघायचं, कुणाला सोबत न्यायचं, हे सगळं परतीच्या त्या चढावरून ठरवा.

दिवाळी उरकली की निघावं आणि महाशिवरात्रीच्या आत जाऊन यावं. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं खरं, पण शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय ठरत नाही. मार्चपासून बुलढाण्याचं ऊन असं तापतं की ती वाट म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना दाखवूच नये. नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजा देवीची यात्रा भरते. दर्शनाला जरूर जा, मात्र निवांत भटकंतीचे ते दिवस नाहीत.

आदल्या दिवशी गावात आणि वनविभागाकडे दोन गोष्टी विचारून घ्या: खाली जाऊ देतात का, आणि तळ्याचं पाणी कुठवर आलंय. पाणी चढलं की काठची पायवाट बुडते, कमळजेच्या देवळापर्यंतही पाणी येतं. नकाशावर दिसणारी वाट तेव्हा प्रत्यक्षात नसते. हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर पाणथळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्यामुळे नोंद करूनच आत शिरा आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. बिबट्याचा वावर असलेल्या झाडीत एकट्यादुकट्याने जाऊ नये. चौघं असलेली बरी: एखाद्याचा पाय मुरगळलाच, तर एक जण त्याच्याजवळ थांबेल आणि दोघं मदतीला वर जातील.

पाण्याच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. माणशी तीन लिटर, तेही गावातून भरून. समोर एवढं मोठं तळं असलं तरी त्यातलं घोटभरही पिता येत नाही. पाणी खारट आणि अल्कधर्मी, सामू (pH) 10 च्या आसपास. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं, तेही खारटपणा वाढून त्यात फोफावलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. तोंड धुवायलाही ते वापरू नका, डोळे चुरचुरतात. तिघांचं पाणी एकाच्या पाठीवर देऊ नका, ज्याचं त्याने घ्यावं. निम्मं पाणी परतीच्या चढासाठी राखून ठेवा. एका बाटलीत लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं विरघळवून ठेवा, चमचे चहाचे आणि सपाट. डोकं गरगरलं की तेच द्यायचं आणि माणसाला सावलीत बसवायचं.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले. चपलांचं काम नाही. काठाजवळ जमीन वरून पांढरी, वाळलेली दिसते. पाय टाकला की आत काळा, वास मारणारा चिखल निघतो आणि घोट्यापर्यंत रुततो. तिथे पुढे काठी टोचून बघा, मगच पाऊल टाका. पॅन्ट पायघोळ आणि गुळगुळीत कापडाची असावी. लोकरी किंवा जाळीदार कापडात नोव्हेंबरात इतकी कुसळं शिरतात की संध्याकाळ ती उपटण्यातच जाते. डोक्याला दुपट्टा बांधा. ऊन, घाम, धूळ, सगळ्याला तो पुरतो आणि मुरगळलेल्या पायालाही बांधता येतो.

टॉर्च दिवसासुद्धा लागतो. विवरातल्या जुन्या हेमाडपंती देवळांच्या गाभाऱ्यात मिट्ट काळोख असतो, वटवाघळं असतात. हात टेकण्याआधी, पायरी उतरण्याआधी उजेड टाकून बघावं. साप चावलाच, तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून वर आणा, 108 ला फोन करा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. खाली रेंजचा भरवसा नाही, म्हणून किती वाजेपर्यंत वर येणार ते गावात कुणाला तरी सांगून ठेवा.

शिदोरीत दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे पुरे. ती घट्ट झाकणाच्या डब्यात असू द्या, कॅरीबॅग दिसली की वानरं झडप घालतात. दुर्बीण असेल तर नक्की घ्या. हिवाळ्यात काठाला शेकाटे आणि चक्रवाक दिसतात, त्यांच्यासाठी तासभर राखून ठेवा. दगड मात्र खिशात घालू नका. उल्का आदळल्याने वितळलेल्या बेसॉल्टचे तुकडे इथे आहेत, अभ्यासकांना ते जागच्या जागीच हवेत.

काठावरून पूर्ण फेरी साधारण सहा किलोमीटरची भरते. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, त्याच दिवशी जोडू नका. खाली सूर्य उशिरा पोचतो आणि लवकर काठाआड जातो, म्हणून सातला उतरायला लागा आणि अकराला, जिथे असाल तिथून, परत फिरा. कमळजेचं दर्शन राहिलं तरी फिरा. गाडीत माणशी एक बाटली पाणी आणि कोरडे मोजे वरच ठेवून जा. गाडीची किल्ली मात्र त्याच्याकडे द्या, जो चढावर सगळ्यांच्या आधी वर पोचतो.