भरतीवाल्या पोरापोरींनो, सर्किट बसवताना आधी आराम ठरवा

सकाळी ग्राउंडवर पोरं जीव तोडून मेहनत करायलेत, पण सर्किट (ठरलेल्या क्रमानं एकामागोमाग व्यायाम, मधी थोडाच आराम) म्हणून जे चाललंय ते असं की आधी जोर, लगेच प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून थांबणं), लगेच परत जोर, म्हणजे सगळा भार खांद्यावर. दुसऱ्या राउंडलाच कंबर लोंबायला लागते, मग तो जोर जोर राहतच नाही.

म्हणून पहिला मुद्दा क्रमाचा. एका भागाला काम दिलं की पुढच्या व्यायामात त्याला सुट्टी द्यायची. बैठका, मग जोर, मग लंजेस (एक पाय पुढं टाकून गुडघे वाकवणं), मग पुल-अप, मग प्लँक, शेवटी बर्पी (खाली बसून पाय मागं टाकायचे, परत उठून उडी). पाय चालू असतात तेव्हा खांदे मोकळे होतात पण छातीची धडधड काही खाली येत नाही, सर्किटचा सगळा फायदा ह्यातच आहे बघा.

आता वेळ. नवीन असाल तर 20 सेकंद काम, 40 सेकंद आराम, सहा व्यायाम, दोन राउंड, मधी दोन मिनिटं चालायचं, बसायचं नाही. तीन-चार आठवडे हे नीट जमलं की 30-30 करा, मग 40-20. सगळे टाबाटा टाबाटा करतात, 20 सेकंद काम 10 सेकंद आराम असं आठ वेळा, पण 1996 च्या त्या जपानी अभ्यासात कॉलेजातली खेळणारी तरणी पोरं होती, तीही जागेवरच्या सायकलवर, आणि सगळं चार मिनिटांत आटपायचं. तेच जर कोणी अर्धा तास करायलं असेल तर ते टाबाटा नाही, ताकद कमी लावायलंय एवढंच.

किती दम लागला पाहिजे? 220 मधून वय वजा करा, वीस वर्षांच्या पोराचे आले मिनिटाला 200 ठोके, त्याचे 80 ते 90 टक्के म्हणजे 160 ते 180 ठोके. हा अंदाज आहे, माणसागणिक फरक पडतो. घड्याळ नसलं तर बोलून बघा, दोन-तीन शब्दांवर श्वास तुटला की बरोबर चाललंय.

आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा, मधी एक दिवस सोडून. 1600 मीटरचा सराव वेगळ्या दिवशी ठेवा. गोळा आणि 100 मीटर त्याच दिवशी असेल तर सर्किटच्या आधी उरका, थकलेल्या अंगानं गोळा फेकून टेक्निक बिघडते.

आणि ऊन. एप्रिल-मेमधी आपल्या परभणी-नांदेडकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हं चढायच्या आत आटपा, चक्कर आली किंवा मळमळलं की तिथंच थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी घ्या. कोणी बरळायला लागलं तर गार पाणी मारत दवाखान्यात न्या, वाट बघू नका. छातीत दुखत असेल, बीपी असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरला विचारा.

वहीत प्रत्येक राउंडचे जोर लिहा. पहिल्यात 16 आणि शेवटच्यात 9 निघायले तर आराम 10 सेकंदांनी वाढवा, व्यायाम वाढवू नका.