मलेरियाचे रॅपिड किट वापरताना या चुका टाळा

मलेरियाच्या रॅपिड किटला, म्हणजे रक्ताच्या थेंबावरून काही मिनिटांत निदान करणाऱ्या पट्टीला, लिटमसचा कागद समजू नये. बाकीच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. पट्टीवर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) बसवलेली असतात आणि प्रतिपिंड हे स्वतःच विशिष्ट घडीचे प्रथिन असते. त्याच्या दोन भुजांच्या टोकांवरील खाचा परजीवीच्या प्रथिनाच्या एखाद्या लहानशा भागाशी आकाराने व विद्युतभाराने जुळल्या, तरच ते त्याला धरते. ही पकड हायड्रोजन बंधांसारख्या अनेक दुबळ्या बंधांची मिळून होते, त्यामुळे घडी विस्कटली की पकडही सुटते.

घडी विस्कटायला आमच्या गडचिरोलीचा मे महिना पुरेसा आहे. पारा ४५ अंशांकडे जातो, आणि खोक्यावर छापलेली ३० किंवा ४० अंशांची मर्यादा कोणी वाचत नाही. तेंदूपत्त्याच्या एका हंगामात हुडहुडी भरलेला एक मजूर आमच्याकडे आला. उपकेंद्रात त्याची दोन किट निगेटिव्ह आली होती. सोबतचा नवा तंत्रज्ञ ठासून म्हणाला, "सर, कंट्रोलची रेघ तर ठळक आहे." मी जेएसबी या रंगद्रव्याने रंगवलेली त्याच्या रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर लाल पेशींत फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची बारीक कडी दिसली, काही पेशींत दोन-दोन. किटचा खोका टिनाच्या छपराखाली, कपाटाच्या माथ्यावर महिनाभर पडून होता. कंट्रोलची रेघ, म्हणजे द्रव पट्टीवरून नीट सरकल्याची खूण, पट्टीतील रंग देणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांवरच्या प्रतिपिंडांनाच पकडते, परजीवीच्या प्रथिनाशी तिचा संबंध नसतो. ती ठळक असूनही परजीवी दाखवणारी तपासणीची रेघ निकामी झालेली असू शकते. तेव्हापासून मी खोका मातीच्या भिंतीच्या खोलीत थर्मामीटरसह ठेवतो आणि प्रत्येक नव्या खोक्यातील एक किट स्लाइडवर पक्के ठरलेल्या रक्तावर लावून पाहतो.

उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा किट लावून "औषध लागू पडले नाही" असे ठरवणे, ही माझी दुसरी चीड. प्रतिपिंड फॅल्सिपेरमचे एचआरपी-२ हे प्रथिन ओळखते, परजीवी जिवंत आहे की मेला हे त्याला कळत नाही, आणि ते प्रथिन रक्तात काही आठवडे टिकते. अशा वेळी स्लाइडच पाहावी.

पाकीट आधी फोडून ठेवू नये. बफर (किटसोबतचा द्रव) संपले म्हणून सलाइनवर भागवू नये. घाईने पाच मिनिटांत निकाल सांगणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही आणि तासाभराने उमटलेल्या रेघेवरही विश्वास ठेवू नये. मी रक्ताचा थेंब टाकताच किटच्या कडेला पेन्सिलीने वेळ लिहितो आणि पत्रकातील मिनिटे पूर्ण होईपर्यंत पुढच्या रुग्णाचे बोट टोचत नाही.